अडथळा क्रमांक नऊ

पट्टा आधी ओला करायचा, मी सांगते,
नाहीतर छातीची बातमी पोचत नाही.
सोपानकाका वाटीत दोन बोटं बुडवतात,
गंध लावावं तसं पाणी लावतात पट्ट्याला
आणि सदऱ्याखालून तो बरगड्यांवर बसवतात.

धनकवडी, तिसरा मजला.
टीपॉय बाल्कनीत, पंखा बंद.
काकू शोकेसच्या काचेला पाठ लावून उभ्या.
मागच्या मंगळवारी काकांचा ठोसा
माझ्या राक्षसाला चुकवून
पुतण्याच्या लग्नाच्या फोटोला बसला होता.

खेळ मी बनवते, बाणेरच्या ऑफिसात.
नियम साधा आहे:
खेळणाऱ्याचं हृदय जितकं पळेल
तितकं जग सावकाश होईल.
एकशे दहाच्या आत रस्ता धावतो,
वर गेलं की झाडं, ढग, समोरून येणारं सगळं
दमानं घेतं.
ऑफिसातली पोरं पंचविशीची,
शोरूममधून काल काढल्यासारखी त्यांची हृदयं.
मला हवं होतं एखादं वापरातलं.
समोरच्या दारातले काका म्हणाले, माझं घे की,
एक स्प्रिंग टाकलीय त्यात, पण चालतंय.

वल्हवताना ब्याण्णव.
डोंगर चढताना एकशे चार.
राक्षसाला मारताना तर ते हसतात, अठ्ठ्याण्णव.
मग येते चौथी पातळी, सपाट रस्ता,
जागच्या जागी चालायचं,
मी विश्रांती म्हणून ठेवलेली,
आणि आकडा उडतो:
एकशे एकतीस.

तीन दिवस. त्याच वळणावर.
पट्टा वाळला असेल म्हटलं. सेन्सर बदलला.
चौथ्या दिवशी स्क्रीन सोडून त्यांच्याकडे पाहिलं.
उजवा पाय.
सतरंजीवर टाच रोवून
पंजा खाली दाबत होता,
पोटरीची शीर ताठ.

त्या वळणावर मी एक मुलगा ठेवलाय.
लाल चेंडूमागे आडवा धावतो,
त्याच्यावरून उडी मारायची, वीस गुण.
नाव नाही दिलेलं.
फाईलमध्ये तो अडथळा क्रमांक नऊ.

काका हेडसेट काढतात.
डोळ्यांभोवती घामाचा चष्मा उमटलेला.
"एकतीस वर्षं पीएमटी चालवली," काकू म्हणतात,
"एक अपघात नाही. बिल्ला आहे, दाखवू?"
राहू दे, काका म्हणतात.
मग बऱ्याच वेळाने,
मला नाही, हातातल्या पेल्याला:
"झाला नाही ना.
म्हणून तर अजून व्हायचा राहिलाय."

रात्री फाईल उघडली.
एक ओळ पुसायची, मुलगा गेला, एवढंच काम.
कर्सर लुकलुकत राहिला
बसलेल्या माणसाच्या नाडीसारखा.
मग ग्राफ पुन्हा लावून पाहिला.
एकशे एकतीसला जग मंदावतं, माझ्याच नियमाने,
चेंडू हवेत टांगलेला,
मुलाचा एक पाय उचललेला, अजून टेकायचाय,
आणि सतरंजीवरच्या त्या पंज्याला
कात्रजच्या उतारावर कधीच मिळाला नसेल
इतका वेळ मिळतो.

मुलाला ठेवलं.
उडीचे वीस गुण काढले,
थांबल्याचे दिले.

शनिवारी काका वळणावर थांबतात.
एकशे अठ्ठावीस.
मुलगा वाकून चेंडू उचलतो
(ही हालचाल काल जागून बनवली),
डांबरावरून पलीकडे जातो,
मागे बघतही नाही.
मुलं कुठे बघतात.
एकशे सोळा.
काका डाव्या हाताने,
जिथे काहीच नाही तिथे,
गिअर टाकतात.
एकशे नऊ.
आत काकू कडप्प्यावर वाटी ठेवतात,
ती दोनदा वाजते,
आणि रस्ता सुटतो.